सर्पदंशावरील मुळ्या आणि प्रयोगशाळेची कसोटी

रत्नागिरी जिल्ह्याला फुरशाची ओळख करून द्यावयास नको. बागेचा दगडी गडगा, जांभ्याचा कातळ, वाळलेला पाचोळा ही त्याची ठाणी. १८६२ साली सरकारने फुरशी मारण्याबद्दल बक्षीस लावले, तेव्हा डिसेंबरातील आठ दिवसांत लाखाहून अधिक फुरशी जमा झाली. जेथे विष इतके, तेथे गावोगाव उताराही असणारच. कोणी मूळ उगाळून देई, कोणी पाल्याचा रस पाजी. आणि रोगी वाचला की त्या मुळीची कीर्ती वाढे.

परंतु रोगी वाचला तो औषधानेच, हे कशावरून? पुष्कळ साप बिनविषारी असतात. विषारी सापही प्रत्येक दंशात पुरते विष ओततो असे नाही. तेव्हा औषधावाचूनही जो जगला असता, त्याचे श्रेय औषधाच्या पदरात पडते.

ही गाठ सोडविण्याचे काम मुंबईच्या हाफकिन संस्थेत डॉ. के. एस. म्हसकर आणि फादर कायस यांनी अंगावर घेतले. अशा परीक्षेचे तत्त्व सरळ आहे. विषाची मात्रा तोलून ठरवावयाची; काही जनावरांना विष आणि अर्क, तर काहींना नुसते विष द्यावयाचे, आणि फरक पडतो का ते पाहावयाचे. ३१४ वनस्पती आणि १८४ मिश्रणे त्यांनी नाग व घोणस यांच्या विषांपुढे पारखली. १९३१ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाला: त्यांपैकी एकही गुणकारी नाही.

म्हणून वनस्पतीच निरुपयोगी, असे मात्र नव्हे. सर्पगंधेच्या नावातच साप आहे, आणि सर्पदंशावरचे औषध म्हणून तिची ख्याती होती. तिच्या मुळीने रक्तदाब उतरतो, हे मुंबईचे डॉ. रुस्तुम जाल वकील यांनी १९४९ साली आपल्या रुग्णांवरील अनुभवातून मांडले. १९५२ साली तिच्यातून रिसर्पिन हे द्रव्य वेगळे काढण्यात आले. परंपरेने झाड दाखविले. त्याचा खरा गुण कोणता, हे परीक्षेने ठरविले.

फुरशाचे विष रक्ताची गोठण्याची शक्ती हरण करते. म्हणून रुग्णालयात रोग्याचे थोडे रक्त काचेच्या नळीत २० मिनिटे न हलविता ठेवतात आणि ते गोठते का, हे पाहतात. न गोठल्यास नाग, मण्यार, घोणस व फुरसे या चौघांच्या विषांवर चालणारे प्रतिविष देतात. मुळी शोधण्यात आणि उगाळण्यात जो वेळ जातो, तो या उपचारातून वजा होतो. आणि त्याची किंमत दंश झालेल्यालाच मोजावी लागते.