कल्याणच्या बिशपची नोंद किती जुनी?
सहाव्या शतकात कल्याणला इराणमध्ये नेमलेला बिशप होता, असे कॉस्मस इंडिकोप्लुस्टस या व्यापाऱ्याच्या ग्रीक ग्रंथात लिहिले आहे. त्यातील ‘कल्लिआना’ म्हणजे कल्याण, असे बहुतेक अभ्यासक मानतात.

या ग्रंथाची सर्वांत जुनी प्रत व्हॅटिकनमध्ये असून ती नवव्या शतकातील आहे. मग मूळ लेखन सहाव्या शतकातले कशावरून? कॉस्मस सांगतो की, सुमारे २५ वर्षांपूर्वी इथिओपियातील अक्सुमचा राजा येमेनवर स्वारीच्या तयारीत होता. या संघर्षाचे इ.स. ५२३ च्या सुमाराचे शिलालेख अरबस्तानात सापडले आहेत. म्हणून ग्रंथाचा काळ इ.स. ५५० च्या आसपास धरतात.

कान्हेरी लेण्यांतील ब्राह्मी लेखांत कल्याणच्या दात्यांचे उल्लेख आहेत. पण ती बौद्ध दाने आहेत. त्यांवरून कल्याणची प्राचीन भरभराट कळते, बिशपबद्दल काही कळत नाही.