एकच संघ जिंकत राहिला तर?

कापडे काय, पोलादपूर काय, रायगडच्या वाचकाला कबड्डीची ओळख करून द्यायला नको. तेव्हा मैदानावरचाच एक प्रश्न घेऊ. एकच संघ वर्षानुवर्षे जिंकत राहिला, तर खेळाचे भले होते की नुकसान?

अमेरिकेत मुलींच्या कॉलेज-बास्केटबॉलबद्दल हाच वाद झाला. कनेटिकट विद्यापीठाने लागोपाठ १११ सामने जिंकले, तेव्हा ‘आता पाहायचे तरी काय?’ असे काही जण म्हणू लागले. अखेर मार्च २०१७ मध्ये मिसिसिपी स्टेटने ६६–६४ असा तो क्रम मोडला.

आपल्याकडचा दाखला याहून बोलका आहे. महिलांची कबड्डी आशियाई क्रीडास्पर्धेत आली २०१० साली. ते सुवर्णपदक भारताचे. २०१४ चेही भारताचेच, अंतिम सामन्यात इराणला ३१–२१ असे हरवून. पण २०१८ साली जाकार्तात त्याच इराणने भारताला २७–२४ असे नमविले. आणि इराणच्या मुलींना शिकविणाऱ्या कोण? नाशिकच्या शैलजा जैन!

कोणी याला घरभेदीपणा म्हणेल. मला तसे वाटत नाही. बलाढ्य संघामुळे इतरांना गाठायला एक उंची मिळते. मात्र त्याची विद्या घरातच कोंडली, तर खेळ खुंटतो. चार घरी गेली, तर वाढतो. २०२३ साली हांगझोऊला भारताने सुवर्ण परत मिळविले, तेही चिनी तैपेईवर २६–२५ असे, अवघ्या एका गुणाने. आधीच्या दोन पदकांहून त्या एका गुणाचे मोल मला अधिक वाटते.