भाऊसाहेब, पोच द्या

मे १९७३. आटपाडी तालुक्यातला एक माळ. सकाळचे नऊ वाजलेत आणि पायाखालचा मुरूम आत्ताच पोळतोय. कोरड्या ओढ्याला आडवी एक मातीची भिंत हळूहळू वर येतेय. पाझर तलावाचं काम. पुरुष टिकाव मारताहेत, खोऱ्यानं माती ओढताहेत. डोक्यावर चुंबळ ठेवलेल्या बाया पाट्या वाहताहेत, बांधावर रिकाम्या करताहेत, परत येताहेत. धूळ इतकी की वीस एकरांचा धनी कोण आणि भूमिहीन कोण, हे चेहऱ्यावरून कळत नाही. दोघंही त्याच हजेरीपटावर आहेत.

"बगत काय हुबं ऱ्हायलाय पावनं? धरा पाटी."

तुम्ही पाटी धरता. पहिल्या खेपेला मान आखडते, तिसरीला श्वास तोंडानं घ्यावा लागतो. तुमच्या पुढं चालणारी बाई पाचव्या महिन्याची पोटुशी आहे. ती पाटी हलकी भरून मागत नाही, कारण संध्याकाळी टेप लावून खड्डा मोजला जाणार आहे. किती ब्रास निघाले त्यावर टोळीची मजुरी ठरते आणि तिच्या पाटीत कमी पडलेली माती बाकीच्यांच्या पोटातून जाते. रोज दोन-तीन रुपये पडतात. आठवड्याचा पगार आठवड्याला मिळाला तर नशीब.

दुपारी सावली शोधावी लागते. झाडं आहेत, पण पाला जनावरांनी खाल्लाय. फडक्यातून मिलोची भाकरी निघते. अमेरिकेतून आलेली ही लाल ज्वारी रेशनवर मिळते आणि इथल्या शाळूच्या भाकरीची सवय असलेल्या माणसाला ती घशाखाली ढकलावी लागते. पोरं सुकडीसाठी रांगेत आहेत. बाई अर्धी भाकरी तुमच्यापुढं करते. नाही म्हणू नका, तिला ते अपमानासारखं लागेल.

या महिन्यात राज्यभर सुमारे ५० लाख माणसं अशा कामांवर आहेत. १९७१ च्या जनगणनेत महाराष्ट्राची लोकसंख्या ५ कोटींच्या थोडी वर होती. म्हणजे दर दहांतला एक जण आज खडी फोडतोय, नाला बांधतोय किंवा रस्त्यावर माती टाकतोय. लागोपाठ हुकलेले पाऊस, रिकाम्या विहिरी, छावणीतली जनावरं, सगळं खरं आहे. तरीही जुन्या दुष्काळांसारखी गावंच्या गावं अन्नावाचून मेली नाहीत, ती या माळावरच्या मजुरीमुळं. एवढ्या मोठ्या प्रमाणावर काम उभं करणाऱ्या तहसीलदारांना, ओव्हरसियरांना आणि मस्टर कारकुनांना ते श्रेय द्यायलाच हवं.

पण त्या बाईला एक प्रश्न विचारून बघा. पाऊस पडल्यावर काय?

"पाऊस पडला की साहेब काम बंद करत्याल."

आणि पुढच्या उन्हाळ्यात?

"त्येंनी काडलं तर हाय."

हे 'त्येंनी काडलं तर' फार जुनं आहे. त्यासाठी आणखी शंभर वर्षं मागं चला.

१८७७ चा जानेवारी. हाच दख्खनचा माळ, कंपनी गेली आणि राणीचं राज्य आलंय. दुष्काळी कामावर माणसांचे सापळे उभे आहेत. सर रिचर्ड टेंपल यांनी मजुराचं धान्य दिवसाला एक पौंडावर आणलंय, वर आणाभर पैसा. एवढ्यात माणूस जगतो का, हे सरकार तपासून पाहतंय. मजूर काम सोडून निघतात. उपाशी माणसांचा हा संप आहे, आणि पुण्याची सार्वजनिक सभा त्यांच्या बाजूनं सरकारशी पत्रव्यवहार करते आहे. पुढं दुष्काळ आयोग आला, दुष्काळ संहिता आली, काम कधी सुरू करायचं आणि कधी थांबवायचं याचे नियम झाले. मात्र दुष्काळ जाहीर करायचा अधिकार वरच्या खुर्चीकडे राहिला. तिनं जाहीर करेपर्यंत भुकेची नोंद कुठेच होत नसे. स्वातंत्र्य मिळालं तरी ही चौकट मोडली नव्हती, ती माळावर तुम्ही आत्ताच पाहिलीत.

मोडायचा विचार मात्र सुरू झाला होता, तोही आटपाडीहून फार लांब नाही. १९६० च्या दशकाच्या मध्याला तासगाव तालुक्यातल्या विसापूरला या. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे या भागाचे. स्वातंत्र्यसैनिक, गांधीविचाराचे, संतसाहित्यात रमणारे. त्यांनी मुख्यमंत्री वसंतराव नाईकांपुढं एक कल्पना मांडली आहे, आणि ती इथं करून बघितली जाते आहे: गावातला जो अंगमेहनतीचं काम मागेल, त्याला ते द्यायचं. दुष्काळ असो वा नसो.

तुम्ही शिवारातून फिरा. सुगी झालीय, पेरणीला अजून अवकाश आहे. ज्याला आपण साधा काळ म्हणतो, तो हा. रानात काम नाही. चार-पाच महिने भूमिहीनाच्या घरात चूल कशी पेटते, याची चौकशी कोणताही दुष्काळ आयोग करत नाही. पागेंनी बोट ठेवलं ते या महिन्यांवर. माझ्या मते महाराष्ट्रानं देशाला दिलेल्या कल्पनांमध्ये ही सगळ्यांत मोठी आहे, आणि ती कुणा अर्थतज्ज्ञाच्या तक्त्यातून नव्हे तर मजुराच्या बेकार दिवसांकडे नीट पाहिल्यामुळं सुचली. १ मे १९७२ ला रोजगार हमी योजना राज्यात सुरू झाली खरी, पण लगेच दुष्काळ कोसळला आणि जुन्या पद्धतीच्या टंचाई कामांनी तिला बाजूला सारलं. लाखो माणसं वर्ष-दीड वर्ष एकत्र राबली, पगार थकले म्हणून मोर्चे काढले, तहसीलवर बसून राहिली. काम मागता येतं आणि मागितल्यावर मिळतं, हे त्या गर्दीला कळून चुकलं.

एप्रिल १९७५ मध्ये चर्चगेटच्या एका कचेरीत थोडं थांबून जा. पगाराचा दिवस आहे आणि पाकिटातल्या चिठ्ठीवर एक नवी कपात दिसते: व्यवसाय कर. शेजारच्या टेबलावरचा कारकून वैतागलाय, महागाई काय कमी होती का? त्याचा वैताग समजण्यासारखा आहे. ही कपात विसापूरच्या, आटपाडीच्या, शहाद्याच्या मजुरीसाठी आहे. रोजगार हमीसाठी शहरातल्या पगारदारांवर कर बसवायचा आणि तेवढीच भर सरकारनं तिजोरीतून घालायची, असा हिशोब. गावाच्या कामाचा पैसा शहरानं द्यावा, हे इतक्या सरळपणे कायद्यात लिहिणारं दुसरं राज्य तेव्हा नव्हतं. तुमच्या आजच्या पगारपत्रकावर दरमहा २०० आणि फेब्रुवारीत ३०० रुपये जातात ना, त्या ओळीचा उगम इथला आहे. त्या कारकुनाचं बालपणही कदाचित माणदेशात गेलं असेल. मुंबईत भरलेल्या कित्येक खोल्या दुष्काळानंच भरल्या होत्या.

१९७७ साली विधिमंडळानं रोजगार हमीचा कायदा केला. २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला.

आता घाई करू नका. १९७९ चा मार्च, तलाठ्याची चावडी. भिंतीवर कॅलेंडर, लाकडी कपाटात सातबाराच्या वह्या, दारात चपलांचा ढीग. आत अकरा बाया आणि सहा पुरुष उभे आहेत. त्यांच्यापैकी एकच पोरगी सातवी शिकलेली, तिच्या हातात अर्ज आहेत. तुम्ही तिच्या मागं उभे राहा.

"भाऊसाहेब, कामाची मागणी द्यायला आलोय."

"ठेव तिथं."

"पोच द्या."

भाऊसाहेब मान वर करतात. माणूस वाईट नाही. दोन सजांचं काम एकट्याच्या गळ्यात आहे, वसुलीचा तगादा आहे. पण पोच लिहायची म्हणजे तारीख लिहायची, आणि तारीख लिहिली की कायद्याचे पंधरा दिवस मोजायला सुरुवात. अठरा वर्षांवरच्या कुणीही गावात अंगमेहनतीचं काम मागितलं, सलग तीस दिवस करायची तयारी दाखवली, की पंधरा दिवसांत काम द्यायचं, शक्यतो पाच किलोमीटरच्या आत. बाईला आणि पुरुषाला एकच दर. कामावर लेकरांसाठी पाळणाघर. नाही देता आलं तर रोज किमान एक रुपया बेकारी भत्ता. भत्ता नावापुरता आहे, पण तो द्यावा लागला तर जिल्ह्यात काम नसल्याचं सरकारनं लेखी मान्य केल्यासारखं होतं, आणि ते कोणत्याच साहेबाला नको असतं.

"अगं, वरून काम आलं की सांगतो की. पोच कशाला?"

"पोच दिल्याबगर आमी हलनार न्हाई."

चावडीत कुणी काही बोलत नाही. त्या माळावरची बाई आठवा, 'त्येंनी काडलं तर हाय' म्हणणारी. सहा वर्षांत काय बदललं ते इथं दिसतं. दुष्काळ पडलेला नाही, कुठल्या मंत्र्याचा दौरा नाही, कुणी मेलेलं नाही. सतरा माणसांना काम हवंय, एवढंच कारण पुरेसं आहे. भाऊसाहेब दौत उघडतात. पोरगी तारीख दोनदा वाचते, मगच कागद घडी करते.

पण हातात पोच आली म्हणजे काम मिळालंच असं नाही. काम सुरू करायला साधारण पन्नास मजूर लागतात, म्हणजे शेजारच्या वाड्यांवर फिरून आणखी तेहेतीस नावं जमवावी लागतात. महसूल खातं मागणी गोळा करतं, काम मात्र पाटबंधारे, बांधकाम, कृषी किंवा वन खात्यानं काढायचं, आणि त्या खात्यांचं आराखड्यातलं काम नेमकं वीस किलोमीटरवर असतं. कधी मस्टरवर मेलेल्या माणसांची नावं हजेरी लावतात. सगळ्यांत जिव्हारी लागणारी गोष्ट अशी: तलाव तयार होतो, पाणी झिरपतं, आणि ते चढतं खालच्या बागायतदाराच्या विहिरीला. पाटी वाहिलेल्या बाईच्या नावावर तर गुंठाभर जमीन नाही. तिला मजुरी मिळाली, पाणी दुसऱ्याला मिळालं. योजनेवर मनापासून प्रेम करणाऱ्यांनी ही गोष्ट पुरेशा जोरानं मांडली नाही, असं मला वाटतं. १९९० मध्ये फळबाग लागवड रोजगार हमीला जोडली गेली. छोट्या शेतकऱ्याला आपल्याच रानात खड्डे खणून डाळिंब, बोर, आंबा, काजू लावायचा खर्च मिळू लागला, आणि सांगोल्याच्या माळावर डाळिंबं आली. त्यानं चित्र थोडं बदललं, पण फळबागेला आधी रान लागतंच.

आणि १९८८. रोजगार हमीची मजुरी किमान वेतनाच्या बरोबरीला आणली गेली, जवळजवळ दुप्पट झाली. तुम्हाला वाटेल, गर्दी वाढली असेल. उलट हजेरी खाली आली. अभ्यासकांनी आकडे तपासले आणि निष्कर्ष काढला की मागणी होती, पण त्या प्रमाणात कामंच काढली गेली नाहीत. मजूर महाग झाला म्हणून कायदा कुणी रद्द केला नाही. फक्त चावडीतली दौत पुन्हा बंद राहू लागली.

२ फेब्रुवारी २००६ ला आंध्रातल्या अनंतपूर जिल्ह्यात, बंडलापल्ली गावी, पंतप्रधानांच्या हस्ते देशाची रोजगार हमी सुरू झाली. आधी २०० जिल्हे, १ एप्रिल २००८ पासून सगळा ग्रामीण भारत. कुटुंबाला वर्षाला १०० दिवस. त्या मंडपात तुम्ही थांबायची गरज नाही. तिथं वाटल्या गेलेल्या जॉबकार्डांमागची पंधरा दिवसांची अट आणि बेकारी भत्ता तुम्ही आधीच चावडीत पाहिलाय.

शेवटी एप्रिल २०१६, लातूर जिल्हा. मिरजेहून पाण्याची रेल्वे लातूरला आलीय, कॅमेरे स्टेशनवर आहेत. तुम्ही तिथून लांब, एका गावच्या ओढ्यावर या. जेसीबी नाला खोल करतोय. जलयुक्त शिवारचं काम. यंत्र चार दिवसांत उरकतं, माणसांना महिना लागला असता, आणि पाणी अडायला हवं याबद्दल गावात कुणाचंच दुमत नाही. काठावर काही बाया उभ्या आहेत. त्यांना शंभर वेळा सांगितलं गेलंय की हे तुमच्या भल्यासाठी आहे. त्यांचा विरोध पाणी अडवायला नाहीच. तेच काम रोजगार हमीतून निघालं असतं तर तिथं यंत्र आणि ठेकेदार दोघांनाही बंदी असती, आणि या उन्हाळ्यात त्या पुण्याला, साखर पट्ट्याला निघाल्या नसत्या. यंत्र आणायचं की माणसं, हे ठरवताना त्यांना कुणी विचारलं नाही.

त्यातल्या चौघी ग्रामपंचायतीत येतात. ग्रामरोजगार सेवक संगणकापुढं बसलाय, गावातलाच पोरगा, मानधनावर राबणारा. त्याचाही पगार थकलाय.

"बाळू, मागच्या मस्टरचे पैसे आले का रे?"

"मावशी, वरून फंड आला नाही. मी काय करू?"

"किती दिवस झाले?"

"दोन महिने होतील."

"पंधरा दिवसांत द्यायचे असतेत ना? मग पुढच्या दिवसांचं वाढीव किती होतंय तेवढं मांड."

तो कॅल्क्युलेटर काढतो. सोळाव्या दिवसापासून रोज ०.०५ टक्के. हजार रुपयांवर दिवसाला पन्नास पैसे. रक्कम ऐकून दुसरी बाई हसते, पण पहिली हसत नाही.

"पन्नास पैसे असू दे, नाहीतर पाच. ते आमच्या नावावर लिही, आणि नव्या कामाची मागणी घे. चौघींची. आजची तारीख टाक."