दिव्याखालची पंगत

पुण्यात शिकणाऱ्या माझ्या नातीला बेडूक पाळायचा आहे. काचेची पेटी तिने आणलीसुद्धा. तळाला नारळाचा भुसा, एका कोपऱ्यात पाण्याची थाळी, दोन-तीन नेचे. आता प्रश्न उरलेत दोन. दिवा कोणता लावायचा आणि खायला काय घालायचं. गोंदियाच्या एका कॉलेजात प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेत माझी सगळी नोकरी झाली, म्हणून तिने आजोबांना विचारलं. उत्तर दोन वाक्यांत देता आलं असतं. पण दुकानदार दिवा वेगळा विकतो आणि किडे वेगळे विकतो, इथंच मला गंमत वाटली. आमच्या भागात बेडकाचा उजेड आणि बेडकाचं जेवण या दोन गोष्टी कधी वेगळ्या नव्हत्याच.

माझं गाव अर्जुनी मोरगाव तालुक्यातलं. तेव्हा जिल्हा भंडारा होता. गोंदिया वेगळा झाला १ मे १९९९ ला. गावात वीज यायच्या आधी आमच्या घरात रात्री दोनच दिवे असत. चुलीजवळ चिमणी आणि छपरीत कंदील. मृगाचा पहिला पाऊस पडून गेला की संध्याकाळी वारुळांतून वाळवीची पंखवाली पाखरं निघत आणि कंदिलाभोवती गोळा होत. पंख गळून ती जमिनीवर सरपटू लागली की पाण्याच्या रांजणामागून एक खडबडीत अंगाचा, मातकट बेडूक बाहेर यायचा. पुस्तकात याला भेक म्हणतात, हे मला नोकरीला लागल्यावर कळलं. आजी त्याला कोणालाही हाकलू देत नसे. ‘राहू दे, घरचाच आहे,’ म्हणायची. उन्हाळ्यात रांजणाखालची माती ती ओली ठेवायची, ती रांजणासाठी की बेडकासाठी, हे तिलाच ठाऊक. आमच्याकडे बेडूक पाळणं म्हणतात ते एवढंच.

तो कधी कंदिलाच्या अगदी खाली बसत नसे. उजेडाचं वर्तुळ जिथं संपतं त्या काठावर, निम्मा अंधारात, तोंड दिव्याकडे करून बसायचा. किडा सरकला की जीभ बाहेर. किडा थांबला की हाही थांबला. नाकासमोर मेलेलं पाखरू पडलेलं असलं तरी ते त्याच्या हिशेबी नसे. याचं कारण १९५९ साली अमेरिकेत लेटविन, मातुराना, मॅककलक आणि पिट्स या चौघांनी मांडलं. बेडकाच्या डोळ्यातल्या काही तंतूंना लहान, गडद, हलणारी वस्तूच तेवढी कळते. न हलणारं अन्न चारी बाजूंनी असलं तरी तो उपाशी मरेल. आणि काठावर बसण्यालाही अर्थ आहे. बेडकाच्या डोळ्यात मंद प्रकाशात काम करणाऱ्या पेशी दोन प्रकारच्या असतात, आपल्यात एकाच. त्यामुळे आपल्याला सगळं काळं दिसतं तिथं त्याला रंग ओळखता येतात, असं स्वीडनमधल्या लुंड विद्यापीठातल्या लोकांनी २०१७ मध्ये दाखवलं. म्हणजे दिवा त्याला पाहण्यासाठी लागतच नाही. दिवा लागतो किड्यांना.

या जिल्ह्यात बेडकांचं एवढं राज्य का, तर पाणी. कोहळी लोकांनी बांधलेले तलाव, मालगुजारांच्या ताब्यातले तलाव, गावागावांतल्या बोड्या. मध्य प्रदेशाने १९५० च्या कायद्याने मालगुजारी मोडली, तलाव सरकारकडे गेले आणि ‘माजी मालगुजारी’चं लोकांनी ‘मामा तलाव’ करून टाकलं. पण खरा पाळणा तलाव नव्हेच, तिथं मासे असतात. मोठा हिरवा-पिवळा बेडूक अंडी घालतो ती पावसाच्या उथळ डबक्यात आणि धानाच्या बांधीत. चिखलणी सुरू झाली की नर हळदीसारखे पिवळे होतात, गळ्याच्या दोन्ही बाजूंना निळे फुगे येतात आणि रात्रभर डरावडराव चालतं. रोवणीच्या दिवसांत त्या आवाजात झोपायची आमची सवय. गाव सोडून शहरात गेलेला माणूस पहिल्या पावसाळ्यात झोप येत नाही म्हणून तक्रार करतो, ती हा आवाज नसल्याचीच.

मृग कोरडा गेला तर मात्र बेडकावर वेगळीच पाळी यायची. पोरं अंगाला कडुनिंबाचा पाला बांधत, मुसळाला बेडूक बांधून दोघं खांद्यावर घेत आणि दारोदार फिरत. बाया मुसळावर पाणी ओतत, सुपातून तांदूळ-डाळ देत. ही धोंडी. मीही त्या पोरांत असायचो. फ्रेझरच्या ‘द गोल्डन बाव’ या ग्रंथात मध्य प्रांतातल्या या रिवाजाची नोंद आहे: कडुनिंबाच्या डहाळ्यांनी झाकलेली काठी, तिला बांधलेला बेडूक आणि घरोघर गाणं. आमचा भंडारा जिल्हा त्याच मध्य प्रांतात होता. केंब्रिजच्या विद्वानाला यात पावसाची जादू दिसली. मला आता दिसतं ते असं की त्या दिवशी बेडकाला पाणी भरपूर मिळे, पण खायला काही नाही, आणि उजेड मिळे तो भर दुपारचा, त्याला सर्वांत नकोसा. जमा झालेल्या तांदळाची पंगत आम्ही पोरं बसवत असू. देवाकडे ज्याच्या तोंडून मागणं गेलं तो मुसळालाच राहायचा. भोपाळमध्ये २०१९ साली पावसासाठी बेडकांचं लग्न लावलं आणि पाऊस थांबेना म्हणून दोन महिन्यांत काडीमोडही करून दिला. आमच्या धोंडीत निदान तेवढी कोर्टकचेरी नव्हती.

मग बॅटरी आली. कंदिलाचा उजेड पसरट, बॅटरीचा एका रेषेत. पावसाळी रात्री धुऱ्यावरून चालताना झोत बेडकाच्या डोळ्यांवर पडला की तो दिपून जागीच राहतो, हात घालून उचलावा इतका. तिकडे केरळ, तमिळनाडू, बंगालच्या भातखाचरांत याच युक्तीवर मोठा धंदा उभा राहिला होता. रात्री गॅसबत्ती घेऊन बेडूक धरायचे, मागचे पाय तोडायचे, धड टाकून द्यायचं आणि पाय गोठवून अमेरिका-युरोपला पाठवायचे. १९८१ साली चार हजार टनांहून अधिक पाय देशाबाहेर गेले. मुंबईच्या हुमायून अब्दुलअलींनी या धंद्याविरुद्ध सतत लिहिलं. ते पक्षिशास्त्राचे जाणकार, पण बेडकाच्या पोटात काय जातं याचा हिशेब त्यांनी मांडला: शेतातला बेडूक कमी झाला की कीटकनाशकाचं बिल वाढतं. १९८५ मध्ये हा मोठा बेडूक आंतरराष्ट्रीय व्यापारावर नजर ठेवणाऱ्या सायटीस कराराच्या यादीत गेला आणि १९८७ मध्ये भारताने पायांची निर्यात बंद केली. अब्दुलअलींचं नाव पक्ष्यांसाठी घेतलं जातं; धानवाल्यांनी ते बेडकांसाठी घ्यायला हवं.

आमच्याकडे बॅटरी चालायची ती कॉलेजांसाठी. प्रयोगशाळेत बेडकाला कोणी बेडूक म्हणत नसे, सगळे ‘टिग्रिना’ म्हणत. जुनं शास्त्रीय नाव राना टिग्रिना, त्यातलं शेवटचं तेवढं उरलेलं. विद्यार्थ्यांना पचनसंस्था, रोहिणी, नीला, मेंदू, सगळं त्याच्यावर शिकायचं. सप्लायर ओल्या गोणपाटात बांधून बेडूक आणायचा. पावसाळ्यात हवे तेवढे. अडचण यायची पुढे. थंडी पडली की बेडूक मातीत गाडून घेतो, शोधून सापडत नाही, आणि प्रात्यक्षिक परीक्षा असते फेब्रुवारी-मार्चात. म्हणून साठा करून ठेवावा लागे. मागच्या व्हरांड्यात सिमेंटचा हौद होता, वरती लोखंडी जाळी, आत बोटभर पाणी, मधे चार विटांचं बेट. शहरातल्या पोरांच्या काचपेटीचा हा आमचा थोरला भाऊ समजा.

त्यांना जगवायचं कसं हे कुठल्या जर्नलमध्ये लिहिलेलं नव्हतं. काळजाचे तुकडे टाकले तर ते पाण्यात सडायचे, बेडूक ढुंकून बघत नसत. आमच्या हाताखालच्या नव्या पोराने एकदा तुकडा दोऱ्याला बांधून नाकासमोर हलवला, आणि टपकन गिळला गेला. लेटविनचा शोध आमच्या व्हरांड्यात असा लागला. पण इतक्या बेडकांना रोज दोरा हलवत कोण बसणार? मग एका जुन्या परिचराने उपाय काढला. संध्याकाळी हौदाच्या जाळीवर चाळीस वॅटचा बल्ब लोंबता सोडायचा आणि खिडकी उघडी ठेवायची. दिवाळीच्या सुमारास धान निसवलेला असतो, तुडतुड्यांचे थवेच्या थवे दिव्यावर येतात, खोडकिड्याचे पतंग येतात. बल्बला धडकून ते जाळीतून खाली पडत आणि हौदात पंगत बसत असे. कोणीतरी शंभरचा बल्ब लावला तेव्हा सगळे विटांच्या सांदीत जाऊन बसले, एकही बाहेर येईना. बेडूक तोंडाने पाणी पीत नाही, पोटाच्या आणि मांड्यांच्या कातडीने ओढून घेतो. कातडी वाळली की त्याचं जगणंच अडतं. चाळीस वॅट, हातभर उंच, रात्री नऊपर्यंत, असा नियम ठरला. नळाचं पाणी एक दिवस उघडं ठेवून मगच हौदात घालायचं, त्यातल्या क्लोरीनमुळे, हा दुसरा.

एवढं सांभाळायचं आणि मार्चमध्ये क्लोरोफॉर्मच्या बरणीत टाकायचं. हे काम मी वर्षानुवर्षं केलं. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०११ मध्ये विच्छेदन थांबवण्याची दिशा दिली आणि २०१४ मध्ये ते बंदच केलं, तेव्हा मला वाईट वाटलं नाही. एवढंच म्हणेन की आता पडद्यावर बेडूक कापणाऱ्या मुलाने जिवंत बेडूक तळहातावर घेतलेला नसतो, त्याच्या गळ्याची धडधड त्याला माहीत नसते. न कापताही हे शिकवता आलं असतं. हौद तसाच आहे, त्यात आता मोडक्या खुर्च्या आहेत.

घराबाहेरचा दिवाही या काळात बदलत गेला. खांबावर आधी साधे बल्ब, मग ट्यूब, मग पाऱ्याचे पांढरे दिवे. पाऱ्याच्या दिव्यात अतिनील किरण भरपूर, किडे त्यावर तुटून पडत. त्या वर्षांत रेल्वे स्टेशनाबाहेरच्या आणि धान गिरण्यांच्या खांबांखाली भेक ओळीने बसलेले मी पाहिलेत, पोटं फुगून गोल झालेली. पुढे पिवळे सोडियमचे आले, किडे घटले. २०१५ पासून केंद्राच्या योजनेने जागोजागी एलईडी लागले, त्यांच्यात अतिनील जवळपास नाहीच. विजेचं बिल वाचलं, खांबाखालची पंगत उठली. शिवाय खांब रस्त्याच्या कडेला, म्हणजे जेवायला आलेला बेडूक ट्रॅक्टरच्या चाकाखाली जाणार. कंदिलाला हा दोष नव्हता.

नातीला मी लिहून पाठवलं ते असं. दिवा दिवस-रात्रीचा फरक कळावा एवढाच, बारा तास, तापणार नाही असा. सौम्य अतिनीलची नळी लावलीस तर बंदिस्त बेडकाला हाडांसाठी ड जीवनसत्त्व बनवता येतं. पण पेटीत पानांआड अंधाराचा कोपरा हवाच. खाणं जिवंत, संध्याकाळी, उजेड उतरल्यावर. किडा त्याच्या दोन डोळ्यांतल्या अंतराहून मोठा नको. विकतच्या रातकिड्यांना आधी भाजीपाला खाऊ घाल आणि वर कॅल्शियमची भुकटी लाव, कारण दुकानातला किडा बांधीतल्या किड्याइतका कसदार नसतो. आणि बेडूक इकडून नेऊ नको. रानाशेतातला देशी बेडूक धरून डांबणं हे १९७२ च्या वन्यजीव कायद्याच्या कचाट्यात येतं. परदेशी घेतलास तर तो सायटीसच्या यादीतला आहे का ते बघ. असेल तर २०२४ च्या नियमांप्रमाणे केंद्राच्या ‘परिवेश’ पोर्टलवर त्याची नोंद करावी लागते.

गोंदिया जिल्ह्यात राहणाऱ्यांना मात्र पेटीची गरज नाही. अंगणाला फरशी घालताना न्हाणीच्या मोरीजवळचा हातभर तुकडा मातीचा सोडा. छपरीतला एक दिवा पिवळा, कमी वॅटचा, खाली लावा आणि झोपताना बंद करा. तुडतुडे दिसताच पंप पाठीवर घेण्याआधी बांधीत प्रकाश सापळा लावून किडे किती आहेत ते बघा, कृषी सहायकाला विचारा. पुढच्या सकाळी सापळ्याभोवतीच्या चिखलात बेडकांचे पाय उमटलेले दिसले, तर फवारणी आणखी काही दिवस पुढे ढकला.