पुणे-गोवा, व्हाया खडकी

डिसेंबरात हापिसातले आम्ही चौघंजण सायकलने पुण्याहून गोव्याला जाणार आहोत. कात्रज, खंबाटकी, सातारा, कोल्हापूर, आंबोली... साडेचारशे किलोमीटरच्या आसपास. ओळखीपाळखीच्यांकडून किलोमीटरमागे पैसे जमवायचे आणि मज्जारज्जूच्या दुखापतीवरच्या संशोधनाला द्यायचे, असा बेत.

परवा कॉलेजच्या एका मित्राला हे मोठ्या उत्साहात सांगितलं. बाइकवरून पडल्यापासून गेली सहा वर्षं तो व्हीलचेअरवर आहे. तो म्हणाला, "मस्त! पण तुझ्या घरी मी शेवटचा कधी आलो होतो रे?"

आमच्या लिफ्टच्या आधी चार पायऱ्या आहेत. मी गप्प.

मग वीकएंडभर वाचत बसलो.

पहिल्या महायुद्धात कंबरेखाली लुळे पडलेले बहुतेक सैनिक पुढे मरत, ते गोळीने नाही, तर पाठीला पडलेल्या जखमांनी आणि लघवीच्या संसर्गाने. १९४४ साली इंग्लंडमधल्या स्टोक मँडेव्हिलला लुडविग गुटमान नावाचे डॉक्टर आले. नाझी जर्मनीतून निसटलेले ज्यू. तुटलेला मज्जारज्जू जोडण्याचं औषध त्यांच्याकडेही नव्हतं (आजही नाही). त्यांनी काय केलं? पेशंटला दर दोन तासांनी कुशीवर वळवायला लावलं, संसर्ग आटोक्यात आणला आणि खेळायला लावलं. २९ जुलै १९४८ ला, लंडन ऑलिंपिक सुरू झालं त्याच दिवशी, त्यांच्या आवारात १६ जखमी माजी सैनिकांची तिरंदाजी झाली. पॅरालिंपिकचं मूळ ते.

आता आपल्याकडे या. सांगली जिल्ह्यातले मुरलीकांत पेटकर सैन्यात बॉक्सर होते. १९६५ च्या युद्धात त्यांना गोळ्या लागल्या. एक पाठीच्या कण्यातच राहिली. पोहणं सुरू केलं ते उपचार म्हणून. १९७२ ला हायडलबर्गमध्ये ५० मीटर फ्रीस्टाइल ३७.३३ सेकंदांत, विश्वविक्रमासह सुवर्ण! पद्मश्री मात्र २०१८ साली. पुढे दोनच वर्षांनी, १९७४ मध्ये, आपल्या खडकीत अशा जखमी जवानांसाठी पॅराप्लेजिक रिहॅबिलिटेशन सेंटर सुरू झालं. मी त्या भागातून कितीदा गेलोय, पण कधी थांबलो नाही.

पैसे जमवण्याच्या बाबतीत गुरू म्हणजे कॅनडाचा रिक हॅन्सन. पंधराव्या वर्षी अपघातात पाय गेले. १९८५ ते ८७ व्हीलचेअर हाताने ढकलत ३४ देश, ४० हजार किलोमीटर आणि २ कोटी ६० लाख डॉलर. हे पैसे संशोधनाला होते, तसेच जिथे जाता येत नाही तिथे वाट करून देण्यासाठीही होते.

म्हणजे मित्राचा टोमणा काही नवा नव्हता. संशोधन हवंच, पण ते फळेपर्यंत माणसाला जगायचं असतं. मित्रांना भेटायचं असतं.

तेव्हा बेत बदललाय. निम्मे पैसे संशोधनाला, निम्मे पुनर्वसनाला. आणि सोसायटीच्या पुढच्या मीटिंगमध्ये रॅम्पचा विषय मी मांडणार आहे. पार्किंगची एक जागा जाईल म्हणून आरडाओरडा होणार, हे नक्की. माझी जागा देतो म्हणून सांगणार आहे. तसाही मी सायकलवर असतो.

काय झालं ते कळवीनच.