भाणकांचे खोरे : वाचनातील 'अस्सास' आणि आपला वारसा

पालि वाङ्मयात 'अस्सास' हा शब्द दोन अर्थांनी येतो. एक अर्थ श्वास, दुसरा सांत्वन. घुसमटलेल्या मनाला पुन्हा श्वास घेता यावा, हेच खरे सांत्वन होय. ग्रंथांच्या सहवासात मिळणारा दिलासा याच जातीचा असतो. या दिलाशाचा एक इतिहास आहे आणि त्याचे दोन महत्त्वाचे दुवे मावळात सापडतात.

तळेगाव दाभाडेजवळचे वराळे हे गाव इंद्रायणीच्या खोऱ्यात वसले आहे. याच मावळात कार्ले, भाजे व बेडसे येथील लेणी आहेत. कार्ल्याच्या चैत्यगृहातील एका स्तंभावर सोपारा येथील सातिमित याच्या दानाचा ब्राह्मी लेख आहे. सातिमित हा धम्मुत्तरीय निकायाचा भाणक होता. भाणक म्हणजे बुद्धवचन मुखोद्गत करून ते संघाला व उपासकांना ऐकविणारा. दीघनिकाय धारण करणारा तो दीघभाणक, मज्झिमनिकाय धारण करणारा तो मज्झिमभाणक. पोथ्या नसलेल्या काळात ही माणसेच चालतीबोलती ग्रंथालये होती. विद्वानाला पालीत 'बहुस्सुत', म्हणजे पुष्कळ ऐकलेला, असे म्हणतात, त्याचे कारणही हेच. मात्र एक भाणक निवर्तला की त्याच्याबरोबर एक ग्रंथसंग्रहच नष्ट होण्याचे भय असे. म्हणूनच इ. स. पूर्व पहिल्या शतकात, वट्टगामणी राजाच्या काळात, श्रीलंकेत तिपिटक लिपिबद्ध करण्यात आले.

पुढे लेणी ओस पडली. ज्या भूमीत धम्म सर्वांना ऐकविला जाई, त्याच भूमीत शूद्रातिशूद्रांना ज्ञानश्रवणाचाही अधिकार नाकारण्यात आला. ही पार्श्वभूमी ध्यानात घेतल्याशिवाय बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या ग्रंथप्रेमाचे मोल कळणार नाही.

१९१७ साली बाबासाहेब लंडनहून परतले. वेगळ्या जहाजाने येणारे त्यांचे सामान त्या जहाजासह समुद्रात बुडाले. त्यानंतर नोकरीसाठी ते बडोद्यास गेले, तेथे अस्पृश्य म्हणून त्यांना कोठेही जागा मिळेना. अखेर नाव बदलून ते एका पारशी धर्मशाळेत राहिले. वरच्या मजल्यावरील ते ओसाड दालन, मिणमिणता कंदील, वटवाघळांची फडफड आणि बोलावयास कोणी नाही, अशी ती अवस्था होती. माणसांच्या सोबतीअभावी आपण पुस्तकांची सोबत धरली आणि वाचनात एकटेपणाचा विसर पडला, असे त्यांनी 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आत्मकथनात नमूद केले आहे. परंतु अकराव्या दिवशी काठ्या घेतलेला जमाव आला आणि त्यांना ती जागाही सोडावी लागली.

येथे एक प्रश्न उपस्थित होतो. ग्रंथांनी त्यांना छप्पर दिले नाही, जमावही अडविला नाही. मग त्या दिलाशाचा उपयोग काय? प्रस्तुत लेखकाच्या मते उत्तर पुढील चरित्रात आहे. बाबासाहेबांचे वाचन हे दुःखापासून पलायन नव्हते. दुःखाचे कारण शोधण्याआधी घेतलेला तो श्वास होता. म्हणूनच तो दिलासा त्यांनी एकट्यापुरता ठेवला नाही. दादरला 'राजगृह' बांधताना त्यांनी ग्रंथसंग्रहाला मानाचे स्थान दिले, १९४५ साली पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन केली, १९४६ साली मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय सुरू केले. ज्यांच्या पूर्वजांना अक्षर निषिद्ध होते, त्यांच्या मुलांसाठी ग्रंथालयाची दारे उघडली.

दुसरा दुवा येथे जुळतो. मावळातील तळेगाव दाभाडे येथे बाबासाहेबांचे निवासस्थान होते. तेथून जवळच, देहूरोड येथे, २५ डिसेंबर १९५४ रोजी त्यांनी बुद्धमूर्तीची प्रतिष्ठापना केली. भाणकांच्या या खोऱ्यात धम्माचा स्वर पुन्हा उमटला.

आज वर्षावासात विहाराविहारांतून 'बुद्ध आणि त्याचा धम्म' या ग्रंथाचे सामुदायिक वाचन होते. एखादी शिकलेली मुलगी वाचते आणि ज्यांना अक्षरओळख नाही अशा वृद्ध उपासिका ऐकतात. ती मुलगी सातिमिताची वारस आहे. हे वाचन तीन महिन्यांपुरते न राहता वराळ्यासारख्या प्रत्येक गावी ग्रंथांचे एक कपाट, एक दिवा आणि बसावयास एक सतरंजी बारमाही असावी. दिवसभर अपमान वा कष्ट सोसून आलेल्या माणसाला तेथे सायंकाळी श्वास घेता यावा, आणि उठताना त्याचे मन विचाराने अधिक सबळ झालेले असावे. ते साधणे आपल्या हाती आहे.