इतवाऱ्यातली फॅक्टरी

मध्यंतरी चार दिवस रजा टाकून बुऱ्हाणपूरला जाऊन आलो. माझी थोरली मावसबहीण तिथं इतवाऱ्यात राहते. वास्कोहून निजामुद्दीनच्या गाडीनं भुसावळ, आणि तिथून दुसऱ्या गाडीनं पुढे. स्टेशन गावाबाहेर लालबागला. राज्य मध्य प्रदेश, दुकानांच्या पाट्या हिंदी, पण ताईच्या घरात मराठी आणि तीही खानदेशी वळणाची. 'इतवारा' म्हणजे रविवार हे सांगायला नकोच. आमच्या कोकणीत आयतार, जुन्या मराठीत आइतवार, हिंदीत इतवार, सगळी आदित्यवाराचीच लेकरं. जवळच शनवाराही आहे. पुण्याच्या शनिवार-रविवार पेठांची आठवण व्हावी असा मामला.

पहिल्याच सकाळी चहा घेताना खिडकीतून एकसारखा खडखडाट येत होता. भावजींना विचारलं, "हा आवाज कसला हो?"

"फॅक्टरी," ते म्हणाले. "तुम्हाला त्रास होतोय का? आम्हाला आता ऐकूसुद्धा येत नाही."

मला वाटलं, मागे कुठे तरी मोठं धुराडं, गेट, भोंगा वगैरे असेल. बाहेर जाऊन पाहतो तर गल्लीतल्या एका घराचा तळमजला. लांबट खोलीत आठ यंत्रमाग, भिंतीला कापसाची पिसं चिकटलेली, कोपऱ्यात कांड्या भरणारी बाई, आणि मागांच्या मधल्या बोळातून ये-जा करणारी चार माणसं. वरच्या मजल्यावर मालकाचं बिऱ्हाड. मालक दारातच उभा होता. मोठ्या आपुलकीनं म्हणाला, "आइए साब, अपनी ही फॅक्टरी है."

आता मी गोव्याचा माणूस. आमच्याकडे फॅक्टरी म्हणजे काजूची, बर्फाची, नाही तर औद्योगिक वसाहतीतली औषधांची. साखरेला मात्र आम्ही कधी फॅक्टरी म्हटलं नाही. धारबांदोड्याचा संजीवनी हा कायम साखर कारखानाच राहिला, शेवटी गाळप थांबलं तोपर्यंत. महाराष्ट्रातही तसंच. निवडणूक 'कारखान्या'ची होते, फॅक्टरीची नाही. कापडाला गिरणी किंवा मिल. सरकी काढायची ती जिनिंग फॅक्टरी. दारूगोळ्याची ऑर्डनन्स फॅक्टरी. शिवाय अफवांची फॅक्टरी, डॉक्टर-इंजिनियर काढणारी क्लासवाल्यांची फॅक्टरी. एक शब्द आणि त्याला ही एवढी नातीगोती! त्या आठ मागांच्या खोलीत उभं राहून मला वाटलं, या शब्दाची कुंडली एकदा मांडायला हवी. आणि मांडायची तर बुऱ्हाणपुराइतकी सोयीची जागा नाही, कारण हा शब्द या गावात चारशे वर्षांपूर्वीच येऊन गेला आहे.

नोव्हेंबर १६१५. इंग्लंडच्या राजाचा वकील सर टॉमस रो सुरतेहून अजमेरला जहांगीर बादशहाकडे निघालेला. वाटेत बुऱ्हाणपूर. इथं बादशहाचा मुलगा शाहजादा परवीझ दख्खनच्या मोहिमेसाठी तळ ठोकून होता. दरबारात रोला सांगण्यात आलं की जमिनीला डोकं टेकवून मुजरा करायचा. त्यानं नकार दिला. मग बसायला खुर्ची मागितली. तीही मिळाली नाही, कारण तिथं कोणीच बसत नसे. अखेर चांदीनं मढवलेल्या खांबाला टेकून उभं राहण्याची सवलत मिळाली. (सरकारी कचेरीत साहेबासमोर उभं राहण्याचा अनुभव असलेल्यांना हा प्रसंग फार लांबचा वाटू नये.) एवढा मानापमान झाल्यावर रोनं मागितलं काय, तर या गावात एक 'फॅक्टरी' काढण्याची परवानगी. शाहजाद्यानं ती दिली. खासगीत पुन्हा भेटायचं ठरलं होतं, पण रोनं नजर केलेल्या पेटीतल्या बाटल्या शाहजाद्यानं आधीच उघडल्या, आणि ती भेट राहूनच गेली!

ही फॅक्टरी म्हणजे काय होतं? तिथं एकही यंत्र नव्हतं. काही बनतही नव्हतं. कंपनीच्या माणसाला म्हणत 'फॅक्टर', म्हणजे दुसऱ्याच्या वतीनं व्यवहार करणारा, आपल्या भाषेत अडत्या. अडत्याची राहण्याची आणि माल ठेवण्याची जागा ती फॅक्टरी. इंग्लंडची बनात इथं विकायची आणि इथलं कापड तिकडे न्यायचं. कापड बनत होतं ते गावातल्या विणकरांच्या घरी. पुढे तावर्निये हा फ्रेंच जवाहिऱ्या इथं येऊन गेला. त्यानं लिहून ठेवलंय की बुऱ्हाणपूरचं पातळ, तलम कापड इराण, तुर्कस्तान, रशिया, पोलंड आणि कैरोपर्यंत जातं. म्हणजे बघा, ज्यांनी विणलं त्यांच्या घराला कोणी फॅक्टरी म्हणत नव्हतं. ज्यानं विकत घेतलं त्याच्या घराला म्हणत होते.

आणि हा शब्द इंग्रजांच्याही आधी आमच्या गोव्याला ठाऊक होता. पोर्तुगीजांचा अडत्या तो फेइतोर आणि त्याची कचेरी ती फेइतोरिया. तोच लॅटिन मूळ, तोच धंदा. उलट वस्तू जिथं बनते त्या जागेला पोर्तुगीज म्हणतात 'फाब्रिका'. गोव्यात मात्र फाब्रिका म्हटलं की चर्चच्या मालमत्तेचा आणि हिशेबाचा कारभार पाहणारी समिती डोळ्यांसमोर येते. पूर्वी चर्चची इमारत उभारणं-सांभाळणं हेच तिचं काम, म्हणून ते नाव. त्याच शब्दाचा इंग्रज भाऊ 'फॅब्रिक', म्हणजे कापड! असा एकाच घरातला एक भाऊ देवळात, एक कापडाच्या दुकानात.

आणखी एक गंमत सांगतो, निदान माझ्यासारख्या कारकुनाला तरी ती गंमत वाटते. पुढे कंपनीच्या नोकरीच्या पायऱ्या ठरल्या, त्यात सर्वांत खाली 'रायटर', म्हणजे लेखनिक. कलकत्त्याची रायटर्स बिल्डिंग ती याच मंडळींची. पाच वर्षं लिहिण्याचं काम केल्यावर तो 'फॅक्टर' व्हायचा, त्यानंतर तीन वर्षांनी कनिष्ठ व्यापारी. माझी कारकुनी वीस वर्षांहून जास्त झाली. कंपनीत असतो तर एव्हाना जहाजं हाकली असती. असो.

मराठ्यांनी या फॅक्टरीला अचूक नाव दिलं : वखार. शाळेत आपण राजापूरची इंग्रजांची वखार शिकलो. पन्हाळ्याच्या वेढ्यात सिद्दी जौहरला तोफांची मदत केली म्हणून १६६१ साली शिवाजी महाराजांनी ती लुटली आणि तिथला प्रमुख रेव्हिंग्टन याला साथीदारांसह कैदेत टाकलं. वेंगुर्ल्याची डच वखार तर गोव्याहून एका दिवसात बघून येण्यासारखी आहे, पडक्या भिंती अजून उभ्या आहेत. आज वखार म्हणजे लाकडाची, कोळशाची, नाही तर वखार महामंडळाची. त्या शब्दानं यंत्राशी कधी लग्न लावलं नाही.

कारखान्याचं तसं नाही. महाराजांचे अठरा कारखाने होते. त्यात तोफखाना होता, पीलखाना होता, मुदपाकखाना होता आणि दफ्तरखानाही होता. जिथं राज्याचं एखादं खातं सामानसुमानासह चालतं तो कारखाना. किल्ल्यावरच्या कोठाराचा हिशेब ठेवणारा तो कारखानीस. मोगलांचेही कारखाने होते, आणि त्यात लाहोर, आग्रा, अहमदाबाद यांच्या जोडीला बुऱ्हाणपूरचंही नाव येतं. बादशाही घराण्यासाठी उंची कापड तिथं विणलं जाई.

मग आल्या वाफेच्या गिरण्या, आणि 'फॅक्टरी'नं अडत्याचं घर सोडून यंत्राच्या छपराखाली संसार मांडला. सरकारला कायदा करावा लागला, आणि कायदा आला म्हणजे व्याख्या आली. इथून पुढचा भाग रुक्ष आहे, पण खरी गोष्ट त्यातच आहे.

१८८१ च्या पहिल्या कायद्यात फॅक्टरी कोणती? यंत्रशक्तीवर चालणारी, १०० किंवा जास्त माणसं असलेली, आणि वर्षात चार महिन्यांपेक्षा जास्त चालणारी. सात वर्षांच्या आतलं मूल कामाला ठेवायचं नाही, सात ते बारा वर्षांच्या मुलांकडून नऊ तासांपेक्षा जास्त काम घ्यायचं नाही, अशा त्यातल्या तरतुदी. आता खानदेशातल्या कापसाच्या जिनांचं बघा! १८८४-८५ मध्ये मुंबईच्या फॅक्टरी कमिशनपुढे त्यांची हकीकत आली. एरवीच्या दिवसांत इंजिन पहाटे पाचला सुरू होऊन रात्री दहाला थांबे, आणि कापसाची गर्दी झाली की रात्रंदिवस. कामाला बहुतेक बायका. लोक तिला फॅक्टरी म्हणत, कायदा म्हणत नव्हता.

याच काळात नारायण मेघाजी लोखंडे मुंबईत गिरणी कामगारांच्या सभा घेत होते. स्वतः गिरणीत भांडारपालाची नोकरी केलेला माणूस, म्हणजे आमच्याच जातकुळीचा. त्यांच्या मागण्यांत पहिली मागणी रविवारच्या सुट्टीची. १० जून १८९० रोजी गिरणीमालकांनी ती मान्य केली. पुढच्याच वर्षीच्या कायद्यात आठवड्याची सुट्टी आली आणि आकडा १०० वरून ५० वर आला. १९२२ मध्ये २०. १९४८ च्या कायद्यात वीज असेल तर १०, नसेल तर २०, आणि तेही मागच्या बारा महिन्यांतल्या कुठल्याही एका दिवशी तेवढी माणसं असली तरी पुरे. सदुसष्ट वर्षांत शंभराचे दहा झाले. मग २०२० ची नवी संहिता आली, ती २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. तिच्यात वीज असेल तर २०, नसेल तर ४०. म्हणजे आकडा पहिल्यांदाच उलटा चालला आहे. लहान उद्योगांना कागदपत्रांचा जाच कमी व्हावा हा त्यामागचा युक्तिवाद. जाच असतो हे मी नाकारणार नाही, तो जाच करणाऱ्यांतलाच मी एक आहे. पण हिशेब करताना सुटणारा माणूस कोणत्या बाजूचा, तेही बघायला हवं.

ताईकडच्या गल्लीत भिंत एक, छप्पर एक, आणि विजेचे मीटर दोन. एक थोरल्या भावाच्या नावावर, एक धाकट्याच्या. मी त्याबद्दल काही विचारलं नाही. मालकानंच हसून सांगितलं, "दो फॅक्टरी हैं, साब."

मी हसलो नाही, कारण मला एक जुनी गोष्ट आठवली. नोकरीला लागून तीन-चार वर्षं झाली असतील. एक बाई अर्ज घेऊन माझ्या टेबलापाशी आली. काजूच्या फॅक्टरीत बिया सोलायची. तेलानं काळी पडलेली बोटं. कुठल्याशा सवलतीचा अर्ज होता, आणि नोकरीच्या रकान्यात तिनं कोणाकडून तरी सुंदर अक्षरांत लिहून आणलं होतं, 'काजू फॅक्टरी'. तिथं सात-आठ बायका होत्या. मी नियम काढला, व्याख्या वाचली आणि लाल शाईनं शेरा मारला, 'सदर जागा कारखाना या संज्ञेत बसत नाही.' शेरा बरोबर होता. वरच्या साहेबांनी सहीही केली. बाईनं एवढंच विचारलं, "मग सायबा, हांव खंय काम करतां?" मग मी काम कुठे करते? मी तिला पुढची खिडकी दाखवली. तिथं तिचं काम होणार नाही हे मला माहीत होतं.

लालबागची ताप्ती मिल मात्र कुठल्याही व्याख्येत बसणारी. गेट, धुराडं, सगळं काही. मार्च २०२० च्या टाळेबंदीत तिची यंत्रं थांबली. भावजींनी ती मला रिक्षातूनच दाखवली. उतरायला नको म्हणाले.

निघायच्या आदल्या संध्याकाळी मावा जिलेबी आणायला बाहेर पडलो तर त्या खोलीतला एक विणकर पाठोपाठ आला. हातात मुलाच्या शिष्यवृत्तीचा फॉर्म. भावजींनी त्याला सांगून ठेवलं होतं की पाहुणे सरकारात आहेत. ताईच्या ओट्यावर बसून आम्ही फॉर्म भरला. नाव, पत्ता, वार्ड इतवारा. मजुरी मीटरवर मिळते, तेव्हा महिन्याचा आकडा दोघांनी मिळून अंदाजानं काढला. सुट्टी कधी असते म्हणून सहज विचारलं. शुक्रवारी, म्हणाला, पण शुक्रवारचे पैसे नसतात.

मग तो रकाना आला. पित्याच्या कारखान्याचं नाव आणि नोंदणी क्रमांक.

"फॅक्टरी लिख दीजिए ना," तो म्हणाला.

मी 'फॅक्टरी' लिहिलं. पुढे मागांची संख्या आठ, माणसं पाच, मालकाचं नाव आणि गल्ली, सगळं जागा पुरेल तितक्या बारीक अक्षरांत लिहिलं. नोंदणी क्रमांकाच्या चौकटीत काय लिहावं ते मला सुचेना, ती तशीच रिकामी ठेवली. त्यानं फॉर्म पिशवीत घातला आणि रात्रपाळीला गेला. ताईनं आतून विचारलं, जिलेबीचं काय झालं?